सायलेन्सर फेरबदल (लहान इंजिने)

लहान इंजिनातून जळालेला वायू कमी अडथळ्याने बाहेर पडावा यासाठी त्याच्या सायलेन्सरच्या रचनेत केलेल्या बदलाला सायलेन्सर फेरबदल म्हणतात. सायलेन्सरचे तोंड मोठे करणे, त्याला दुसरे तोंड पाडणे, आतील पडदे कापणे आणि ठिणगीरोधक जाळी काढणे हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत. चेनसॉ अर्थात पेट्रोलवर चालणारी साखळी करवत हे या फेरबदलाचे सर्वांत परिचित क्षेत्र असून उत्तर अमेरिकेतील लाकूडतोडे आणि हौशी कारागीर यांच्यात तो विशेष रूढ आहे. गवत कापण्याचे ब्रश कटर, जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली आणि शर्यतीची छोटी वाहने यांच्यावरही तो केला जातो.

या फेरबदलामुळे यंत्राची शक्ती वाढू शकते. मात्र तेवढ्याच सहजतेने इंजिन जळू शकते, कारण लहान इंजिनात सायलेन्सर हा केवळ आवाज दाबणारा डबा नसतो. हवेचे व इंधनाचे प्रमाण, सिलिंडरचे तापमान आणि टू-स्ट्रोक इंजिनात तर वंगणही त्याच्याशी बांधलेले असते.

सायलेन्सरचे कार्य

इंजिनाच्या सिलिंडरमधून वायू सलग वाहत नाही, तो ठोक्यांनी बाहेर पडतो. मिनिटाला १३,००० फेरे घेणाऱ्या टू-स्ट्रोक चेनसॉमध्ये असे ठोके सेकंदाला दोनशेहून अधिक बसतात. प्रत्येक ठोक्याबरोबर दाबाची एक तीव्र लाट निघते व तीच कानाला आवाज म्हणून जाणवते. सायलेन्सर ही लाट दोन मार्गांनी क्षीण करतो. एका पद्धतीत वायू अरुंद नळीतून मोठ्या कोठीत आणि तेथून पुन्हा अरुंद नळीत नेला जातो, त्यामुळे लाटा परस्परांवर आपटून विरतात. दुसऱ्या पद्धतीत छिद्रे असलेल्या नळीभोवती काचलोकर किंवा तत्सम तंतू भरलेले असतात व आवाजाची ऊर्जा त्यांत शोषली जाते. चेनसॉसारख्या हातातील यंत्रात जागा आणि वजन यांची काटकसर असल्याने सिलिंडरलाच बोल्टने घट्ट बसवलेला, मुठीएवढा पत्र्याचा डबा पुरेसा मानला जातो.

स्वयंचलित वाहनांच्या सायलेन्सरचे एक प्रारंभिक पेटंट अमेरिकेतील इंडियाना राज्यातील मिल्टन रीव्हज आणि त्यांचे बंधू यांना १८९७ मध्ये मिळाले. बंदुकीच्या सायलेन्सरसाठी प्रसिद्ध असलेले हायरम पर्सी मॅक्सिम यांनी नंतर हेच तत्त्व इंजिनांसाठीही वापरले.

टू-स्ट्रोक इंजिन आणि निकास

टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे पिस्टनच उघडतो आणि मिटतो. पिस्टन खाली येताना आधी निकासद्वार उघडते, लगेच ताज्या मिश्रणाची द्वारे उघडतात आणि काही क्षण दोन्ही एकाच वेळी खुली राहतात. येणारे ताजे मिश्रण जळालेल्या वायूला ढकलून बाहेर काढते. या ढकलण्यात ताज्या मिश्रणाचा काही भाग स्वतःही बाहेर निसटतो. जुन्या साध्या रचनेच्या इंजिनांत न जळता वाया जाणारे इंधन २५ ते ३० टक्क्यांपर्यंत जात असे. अशा यंत्राच्या धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो तो यामुळेच.

सायलेन्सर फार अरुंद असेल तर जळालेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही, सिलिंडरमध्ये ताज्या मिश्रणाला जागा कमी मिळते आणि शक्ती घटते. उलट तो अगदी खुला असेल तर ताजे मिश्रण अधिक प्रमाणात निसटते. त्यामुळे ‘जितके तोंड मोठे तितकी शक्ती जास्त’ हा समज चुकीचा आहे. ‘इंजिनाला मागून दाब लागतोच’ हा त्याच्या विरुद्ध टोकाचा समजही तितकाच अपुरा आहे. इंजिनाला सततचा प्रतिदाब नको असतो. योग्य क्षणी परत येणारी दाबाची लाट मात्र त्याच्या उपयोगाची असते.

या लाटेचा पद्धतशीर उपयोग पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात शर्यतीच्या मोटारसायकलींवर केला. त्यांच्या निकासनळीचा मधला भाग फुगीर आणि दोन्ही टोके निमुळती असत. पुढचा पसरत जाणारा भाग सिलिंडरमधील वायू ओढून घेई आणि मागचा आवळत जाणारा भाग लाट उलट फिरवून निसटलेले ताजे मिश्रण द्वार मिटण्यापूर्वी सिलिंडरमध्ये परत लोटत असे. १९६१ मध्ये एमझेडचे शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेले व हे ज्ञान त्यांच्याबरोबर जपानच्या सुझुकी कंपनीकडे पोहोचले. पुढच्याच वर्षी डेग्नर यांनी सुझुकीला ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवून दिले.

अशी नळी चेनसॉला का नसते, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या वेगात एक फेरा ६ सहस्रांश सेकंदांत पूर्ण होतो आणि त्यातील निम्म्याहून थोडा कमी काळ निकासद्वार उघडे असते. गरम वायूतील लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावते असे धरल्यास, तिला वेळेवर जाऊन परतण्यासाठी अर्धा ते पाऊण मीटर लांबीची नळी लागते. झाडावर चढलेल्या किंवा उतारावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ती परवडणारी नाही. लाकूडतोडीच्या क्रीडास्पर्धांतील ‘हॉट सॉ’ प्रकारात मात्र अशा नळ्या बसवलेल्या करवती सर्रास दिसतात. तेथे ओंडक्याच्या तीन चकत्या पाडण्यापुरतेच यंत्र चालवायचे असते.

फेरबदलाची पद्धत

मूळ सायलेन्सर उत्पादकाने आवाज, धूर, उष्णता आणि खर्च यांचा मेळ घालून बनवलेला असतो. शक्ती हा त्या तडजोडीतील केवळ एक घटक असल्याने काही यंत्रांत खरोखरच वाव शिल्लक राहतो, तर काही यंत्रांत मुळीच राहत नाही. म्हणून सायलेन्सर उघडून आतली रचना पाहणे ही पहिली पायरी ठरते. व्यावसायिक वापराच्या अनेक करवतींत डबा आतून मोकळा आणि तोंड तेवढे लहान असते. घरगुती यंत्रांत आत एकाआड एक पडदे असतात. काहींत पडद्यांच्या जागी उत्प्रेरकाची जाळीदार वडी बसवलेली असते. तिच्यात न जळलेले इंधन जळते आणि त्यामुळे असा सायलेन्सर अतिशय तापतो.

तोंड किती मोठे करावे याविषयी कारागिरांत एक आडाखा रूढ आहे: बाहेर जाण्याच्या सर्व वाटांचे एकूण क्षेत्रफळ सिलिंडरच्या निकासद्वाराच्या ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास असावे. समजा, निकासद्वार ४०० चौरस मिलिमीटरचे आहे आणि सायलेन्सरला १२ मिलिमीटर व्यासाचे एकच छिद्र आहे. त्या छिद्राचे क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे द्वाराच्या जेमतेम २८ टक्के. शेजारी १५ मिलिमीटर व्यासाचे दुसरे छिद्र पाडले तर त्यात १७७ चौरस मिलिमीटरची भर पडून एकूण प्रमाण ७२ टक्क्यांवर जाते. हा आडाखा अनुभवातून आलेला आहे, त्याला सिद्धांताचा दर्जा देता येत नाही. त्याचा खरा उपयोग हात आवरता घेण्यासाठी होतो, कारण पाडलेले छिद्र सहज बुजवता येत नाही.

प्रत्यक्ष काम करताना सायलेन्सर इंजिनापासून वेगळा करतात. तो जागेवरच ठेवून छिद्र पाडल्यास धातूचा कीस निकासद्वारातून सिलिंडरमध्ये शिरतो आणि पहिल्याच फेऱ्यात पिस्टनवर ओरखडे उमटतात. छिद्र पाडल्यावर कडा घासून गुळगुळीत करतात, आतला कीस झटकून धुतात आणि नव्या तोंडावर पितळी झाळकामाने किंवा वेल्डिंगने छोटी नळी अथवा पत्र्याची चोच बसवतात. चोचीची दिशा महत्त्वाची असते. गरम वायू चालवणाऱ्याच्या हाताकडे, प्लास्टिकच्या आवरणाकडे, साखळीला तेल पुरवणाऱ्या भागाकडे किंवा इंधनाच्या टाकीकडे जाता कामा नये. शेवटी जुने गॅस्केट बदलून बोल्ट नीट आवळतात. सैल सायलेन्सरमधून गळणारा गरम वायू शेजारचे प्लास्टिक वितळवतो.

कार्बोरेटरचे समायोजन

फेरबदलाचा निर्णायक भाग पत्र्यावर नव्हे तर कार्बोरेटरवर घडतो. निकास मोकळा झाला की इंजिनातून अधिक हवा वाहू लागते. तिच्या प्रमाणात इंधन वाढले नाही तर मिश्रण लीन म्हणजे इंधनाला पातळ होते. असे मिश्रण अधिक उष्णता निर्माण करते. शिवाय चेनसॉसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, त्याचे सर्वसाधारण प्रमाण ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल असे आहे. त्यामुळे इंधन कमी पडणे म्हणजे वंगणही कमी पडणे होय. उष्णता वाढते आणि त्याच वेळी तेल घटते. परिणामी पिस्टन फुगून सिलिंडरला घासतो आणि इंजिन सीझ होते. खरचटण्याची सुरुवात बहुधा पिस्टनच्या निकासाकडील बाजूने होते, कारण ती बाजू सर्वांत गरम असते. सीझ झालेले इंजिन दुरुस्तीसाठी येते तेव्हा अनुभवी मेकॅनिक सायलेन्सर काढून त्या द्वारातूनच पिस्टन पाहतो.

चेनसॉच्या कार्बोरेटरवर साधारणपणे तीन स्क्रू असतात: एक मंद वेगाच्या मिश्रणाचा, एक उच्च वेगाच्या मिश्रणाचा आणि एक यंत्र रिकामे चालण्याचा वेग ठरवणारा. फेरबदलानंतर उच्च वेगाचा स्क्रू थोडा थोडा सोडून इंधन वाढवतात. पूर्ण थ्रॉटलवर, लाकडात न घालता चालवलेल्या योग्य इंजिनाच्या आवाजात एक बारीक फडफड ऐकू येते आणि करवत लाकडात घातली की ती नाहीशी होते. फडफड अजिबात नसेल आणि आवाज एकसुरी, चिरका येत असेल तर मिश्रण लीन आहे असे समजतात. नवशिक्याला नेमका हाच चिरका आवाज जोरदार वाटतो, आणि येथेच बहुतेक इंजिने बळी पडतात. केवळ कानावर न विसंबता फेरमापकाने वेग मोजून तो उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत आहे ना, हे पाहणे अधिक भरवशाचे आहे. ज्या करवतींच्या इग्निशन कॉइलमध्ये वेगमर्यादक असतो त्यांत तो मर्यादक ठिणगी तोडू लागला की हुबेहूब तशीच फडफड ऐकू येते. ती ऐकून मिश्रण बरोबर असल्याचा ग्रह करून घेणे घातक ठरते.

अलीकडच्या यंत्रांत स्क्रूवर मर्यादा घालणाऱ्या टोप्या असतात, तर हुस्क्वार्नाची ऑटोट्यून आणि स्टीलची एम-ट्रॉनिक यांसारख्या प्रणाली मिश्रण स्वतःच जुळवून घेतात. ही जुळवणीही ठरावीक पल्ल्यातच होते. सायलेन्सर पल्ल्याबाहेर उघडला तर प्रणाली हतबल होते आणि चालकाला फिरवण्यासाठी स्क्रूही उपलब्ध नसतो.

फोर-स्ट्रोक लहान इंजिने

पाण्याचे पंप, जनित्रे आणि गवत कापण्याची ढकलगाडी यांच्या फोर-स्ट्रोक इंजिनांवर गव्हर्नर असतो. ५० हर्ट्झ वीज देणाऱ्या साध्या दोन-ध्रुवी जनित्राचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवरच बांधलेले असते. तेथे सायलेन्सर उघडल्याने आवाज वाढण्यापलीकडे फारसे काही साधत नाही. गव्हर्नर काढून वेग वाढवणे हे तर सरळ अपघाताला आमंत्रण आहे, कारण अशा इंजिनांचे कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हील त्या वेगासाठी बनवलेले नसतात.

काजळी आणि चोक झालेला सायलेन्सर

शक्ती कमी झाल्याची तक्रार प्रत्येक वेळी मूळ रचनेमुळे उद्भवत नाही. टू-स्ट्रोक इंजिनातील अर्धवट जळालेले तेल सायलेन्सरमध्ये साचून काजळीचा कठीण थर बनतो. लुना, चेतक आणि आरएक्स १०० यांच्या काळात महाराष्ट्रातील गॅरेजांत ‘सायलेन्सर चोक झाला’ हे निदान रोजचे होते. गाडी चढाला दम टाकू लागली की मेकॅनिक सायलेन्सर उतरवून आगीत भाजत किंवा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धूत आणि काजळी ठोकून काढत. या उपायाने निकास मोकळा होतो, पण रचना बदलत नाही. त्यामुळे त्याला फेरबदल म्हणत नाहीत.

कोकणातील बागांत रान साफ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टू-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये हीच अडचण ठिणगीरोधक जाळीवर दिसते. काजळीने जाळी बुजली की यंत्र सुरू होते, पण थ्रॉटल दाबल्यावर गुदमरते. जाळी काढून तारेच्या ब्रशने साफ केली की ते पूर्ववत चालते. सायलेन्सर कापायला घेण्यापूर्वी ही पाच मिनिटांची तपासणी करावी, असा जाणकारांचा आग्रह असतो. तेलाचे प्रमाण ठरल्यापेक्षा अधिक ठेवल्यास जाळी वारंवार बुजते.

धोके

ठिणगीरोधक जाळी ही वरवर क्षुल्लक वाटणारी वस्तू आहे. निकासातून उडणारे काजळीचे तापलेले कण वाळलेल्या गवतावर पडून वणवा पेटू शकतो, म्हणून ती बसवलेली असते. अमेरिकी वनसेवेच्या मानकांनुसार ०.५८ मिलिमीटरहून मोठे कण अडवले जाणे अपेक्षित आहे. हातात धरायच्या यंत्रांसाठी सायलेन्सरच्या उघड्या पृष्ठभागाचे तापमान २८८ अंश सेल्सिअस आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान २४६ अंश सेल्सिअस यांपुढे जाऊ नये, अशीही मर्यादा आहे. जाळी काढून टाकलेली करवत घेऊन तेथील राष्ट्रीय वनांत काम करणे दंडनीय ठरू शकते. सह्याद्रीच्या उतारांवर फेब्रुवारीनंतर उभे गवत पूर्ण वाळते. तेथे या जाळीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुसरा धोका कानांचा आहे. मूळ सायलेन्सरसह चेनसॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाजवळ १०० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था नायॉश हिच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास काम चालू शकते आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटे, तर ११० डेसिबलला दीड मिनिटाहूनही कमी वेळ उरतो. फेरबदलाने आवाज ३ डेसिबलने जरी वाढला तरी सुरक्षित वेळ अर्धा होतो, आणि कानाला मात्र तो फरक किरकोळच वाटतो. अशा यंत्राबरोबर कर्णरक्षक वापरणे अनिवार्य मानले जाते.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत लहान इंजिनांच्या धुरावर संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ च्या मॉडेल वर्षापासून टप्प्याटप्प्याने मर्यादा घातल्या. स्वच्छ हवा कायद्यानुसार प्रमाणित इंजिनातील धूरनियंत्रक भाग काढणे किंवा निकामी करणे बेकायदेशीर आहे. उत्प्रेरक असलेला सायलेन्सर पोकळ करणे त्यात मोडते. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकून बहुतेक नव्या लहान इंजिनांची विक्री २०२४ च्या मॉडेल वर्षापासून शून्य उत्सर्जनाच्या अटीखाली आणण्याचा कायदा केला.

भारतात हा प्रश्न प्रामुख्याने दुचाकींच्या संदर्भात चर्चिला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घातले आहेत. आवाज व धूर यांच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२) लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना अपात्रता अशी तरतूद आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले ‘फटाका’ सायलेन्सर रस्त्यावर रांगेने मांडून रोड रोलरखाली चिरडले आहेत.

बुलेटवरील हे सायलेन्सर बहुधा आवाजासाठीच बसवले जातात. निकासप्रवाहाचा विचार त्यामागे क्वचितच असतो. १९८५ मध्ये भारतात आलेल्या ९८ सीसीच्या यामाहा आरएक्स १०० ची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिचा सायलेन्सर आतून काडेन यांच्या धर्तीचा फुगीर नळीचाच आहे आणि मागच्या टोकाला बोल्टने बसवलेली, काढता येणारी आवाजरोधक नळी आहे. ही नळी कापल्याने गाडी पळते असा समज तिच्या चाहत्यांत फार जुना आहे. प्रत्यक्षात शेपटाकडील वाट मोकळी झाल्याने लाट परतण्याची जुळणी बदलते. कार्बोरेटरचा जेट तोच ठेवला तर मिश्रण लीन होण्याचा धोका राहतो आणि खालच्या वेगातील ओढ बहुधा कमी होते. या गाडीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबल्याने मूळ नळ्या दुर्मिळ झाल्या असून, जुन्या गाड्यांचे संग्राहक आता त्या न कापलेल्या अवस्थेत शोधत असतात.